मदत हवी आहे: आजोबांचा ट्रम्पेट पुन्हा वाजता करायचाय

आजोबा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे तो बूझी अँड हॉक्स कंपनीचा ट्रम्पेट माळ्यावर सापडला. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह (बोटाने दाबायचा दट्ट्या) कोमट साबणपाण्यात भिजवल्यावर सुटले, दुसरा मात्र अर्ध्यावरच अडकतो. त्याच्या बाहेरच्या नळीला बारीक पोचा आलाय, बहुधा त्यामुळेच. ट्यूनिंग स्लाइडवर (सूर जुळवायच्या सरकत्या नळीवर) तीन दिवस गंज सोडवायचं तेल सोडतोय, ढिम्म हलत नाही. माउथपीसही रुतून बसलाय. शेजारचे काका पक्कड घेऊनच आले होते, कसंबसं थोपवलं!

खरी काळजी वेगळीच. माउथपीसलगतच्या नळीवर गुलाबी ठिपके दिसतात, म्हणजे पितळातलं जस्त गेलंय. नळी बदलावीच लागेल का? पुण्या-मुंबईत कुणी कारागीर आहे, की थेट मेरठच्या जली कोठीला, बँडची वाद्यं बनवणाऱ्या वस्तीत, पाठवू? पॉलिश नकोय, आजोबांच्या बोटांनी झिजलेल्या जागा तशाच राहू द्यायच्यात.