सासूबाई रोज सदाफुलीची पानं खातायत. शुगरवर खरंच उपयोग होतो का?

दादरकरीण

नमस्कार मंडळी. सासूबाईंना शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. शिवाजी पार्कात सकाळी फिरायला जातात, तिथल्या ग्रुपमध्ये कुणीतरी सांगितलं की पांढऱ्या सदाफुलीची पानं उपाशीपोटी चावून खा, गोळ्या सुटतील. झालं! रोज सकाळी गॅलरीतल्या कुंडीवर धाड. शेजारच्या गुलाबी सदाफुलीला हात लावत नाहीत, कारण "गुण पांढऱ्यात असतो". मी काही बोलले की मोबाइल पुढे करतात. त्यातल्या फॉरवर्डमध्ये लिहिलंय की कॅन्सरवर सदाफुलीचंच औषध देतात. नवरा म्हणतो, पानंच आहेत, खाऊ दे.

ते कॅन्सरचं खरं आहे का? असेल तर त्याचा शुगरशी काय संबंध? नीट कारण सांगा, कारण सासूबाई रुईया कॉलेजच्या बॉटनीवाल्या आहेत. "काहीतरीच काय" एवढ्यावर ऐकणार नाहीत.

नाना_गिरगाव

खाऊ द्या हो बिनधास्त. आमचे मामा कित्येक वर्षं खातात, ठणठणीत आहेत. गोळ्या खपल्या नाहीत तर कंपन्यांचं कसं चालणार?

अर्कवाला

माझी सगळी नोकरी गोरेगावला झाडपाल्याचे अर्क काढण्यात गेली, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

कॅन्सरचं खरं आहे. सदाफुलीत शंभराहून जास्त अल्कलॉइड्स, म्हणजे वनस्पतीत तयार होणारी तीव्र गुणाची रसायनं, आहेत, त्यातली दोन जगभर वापरली जातात: विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन. लहान मुलांच्या ल्युकेमियावर (रक्ताच्या कॅन्सरवर) विनक्रिस्टिन आजही लागतं.

पण ती सापडली कशी, हे सासूबाईंना मुद्दाम सांगा. जमैकात सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर घ्यायचे. तिथून 1952 साली थोडी पानं कॅनडात रॉबर्ट नोबल या संशोधकांकडे पोचली. त्यांनी अर्क उंदरांना तोंडावाटे दिला, साखर ढिम्म हलली नाही. मग टोचून दिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले. का मेले ते बघितलं, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी साफ उतरलेल्या. पांढऱ्या पेशी मारणारा पदार्थ पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर चालेल, हा विचार तिथून आला आणि 1958 पर्यंत विनब्लास्टिन हाती लागलं. म्हणजे शुगरचं औषध शोधायला गेले आणि सापडलं ते पेशी मारणारं औषध. फॉरवर्डवाले ही गोष्ट अर्धीच सांगतात.

ही औषधं पेशीचं विभाजन मधेच अडवतात. पेशीचे दोन भाग होताना गुणसूत्रं ओढून घेणारे जे धागे लागतात, ते बनूच देत नाहीत. कॅन्सरची पेशी कुठली आणि अस्थिमज्जेतली चांगली पेशी कुठली, हे त्यांना कळत नाही.

आता उलट बाजूही सांगतो, उगाच घाबरवायचं नाही. किलोभर वाळलेल्या पानांत विनक्रिस्टिन जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. चार पानांनी किमोथेरपी होत नाही, कॅन्सरही बरा होत नाही. नंतरच्या काही प्रयोगांत अर्कामुळे जनावरांची साखर उतरलेलीही दिसली आहे. माझी अडचण वेगळी आहे. कुंडीतल्या पानात कुठलं अल्कलॉइड किती, हे ऊन, पाणी, झाडाचं वय यावर बदलतं. कारखान्यात आलेला पानांचा प्रत्येक लॉट आम्ही आधी तपासायचो, कारण दोन लॉट कधी सारखे निघायचे नाहीत. सासूबाई ग्लिमेपिराइड मात्र मिलिग्रॅममध्ये मोजून घेतात, आणि वरून हा बेहिशेबी पाला.

पांढरी आणि गुलाबी एकाच जातीची, कॅथरँथस रोझियस. बॉटनीवाल्यांना हे मी काय सांगणार! झाड मूळचं मादागास्करचं, तेव्हा चरक-सुश्रुतांचा दाखला कुणी दिला तर तोही धरू नका.

वॉर्डातली_ताई

कॅन्सर वॉर्डात काम केलंय. विनक्रिस्टिन फक्त शिरेतून देतात, चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस दगावतो. नीट दिलं तरी हातापायांना मुंग्या आणि बद्धकोष्ठ होतं. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत मला भीती ग्लिमेपिराइडची वाटते. त्याने साखर एकदम उतरू शकते, त्यात उपाशीपोटी चालणं. घाम, थरथर, धडधड होते का विचारा. खिशात साखरेची पुडी ठेवायला सांगा आणि पानांचं डॉक्टरांना कळवा. लपवू नका.

नाना_गिरगाव

म्हणजे झाडपाल्यात काहीच नाही म्हणता? सगळं साहेबाचंच?

अर्कवाला

नाना, उलट आहे. सासूबाईंची मेटफॉर्मिनच बघा. युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती होते, आपल्या वाल-वाटाण्याच्या कुळातली. त्यातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण ते फार विषारी निघालं. त्याच्याच नात्यातला, माणसाला सोसेल असा रेणू 1922 साली प्रयोगशाळेत बनवला. ते मेटफॉर्मिन. झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी 1957 साली ते मधुमेहींना दिल्याचं प्रसिद्ध केलं. झाडपाल्याचं औषध हवं असेल तर त्या ते आधीच घेतायत, मोजून.

आणि साहेबाचं म्हणाल तर, कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरविरोधी अल्कलॉइड एका चिनी झाडातून अमेरिकेत ज्यांनी वेगळं काढलं, त्या जोडीतले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे, शिकले मुंबई विद्यापीठात. ते 1966 चं. पुढे 1972 साली गोरेगावला सीबा या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच रसायन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात सापडलं. त्यानंतर नरक्याची जी बेसुमार तोड झाली, तो वेगळा धागा होईल. अवांतराबद्दल क्षमस्व.

दादरकरीण

सगळ्यांचे आभार. उंदरांची गोष्ट सासूबाईंनी दोनदा वाचायला लावली. मेटफॉर्मिनचं मूळ झाडात आहे हे ऐकून चेहरा खुलला, "बघ, मी म्हणत नव्हते?" असंही झालं. पानं तूर्त बंद. तीन महिन्यांची साखर तपासायला रक्त देऊन आलो, डॉक्टरांना पानांचंही सांगितलं. चालताना थरथर होते का विचारलं तर म्हणाल्या, होते कधीकधी, पण ती वयामुळे. पुढच्या व्हिजिटला तेही सांगणार आहे.

आता ग्रुपमध्ये कडू दुधीचा रस सुरू झालाय म्हणे. अर्कवाले काका, तुम्ही आहात ना अजून?

अर्कवाला

आहे. दुधी कडू लागला तर घोटभरही नको, लगेच फेकून द्या. त्यातल्या कुकुर्बिटासिन या कडू विषाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. हे मात्र आत्ताच फोन करून कळवा.