मदत हवी आहे: पातळ, महागडा लॅपटॉप भर कामात टिकतो का?

मंडळी, नवा लॅपटॉप घ्यायचाय. अ‍ॅपलचा मॅकबुक एअर (१३ इंची, १.२४ किलो) आणि डेलचा एक्सपीएस १३ यांच्यात अडकलोय. दिवसभर पाठीवर वागवायचा, त्यामुळे वजन महत्त्वाचं. स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी दोन्हींची उत्तम, त्यावर वाद नाही.

घोडं अडतंय ते उष्णतेपाशी. एअरला पंखाच नाही. आवाज शून्य, हे छानच. पण चिप तापली की ती स्वतःच वेग उतरवते. माझं काम बहुतेक लिखाण आणि स्प्रेडशीटचं, मात्र अधूनमधून तासाभराचा फोर-के व्हिडिओ एक्स्पोर्ट करावा लागतो. अशा वेळी किती फरक पडतो? वापरणाऱ्यांनीच सांगा, जाहिरातीतले आलेख पाहून झालेत.

दुसरं, रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) दोन्हींत बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की बसवलेली, नंतर वाढवता येत नाही. मग १६ जीबी चार-पाच वर्षं पुरेल, की आत्ताच २४ घेऊ? एअरमध्ये तर एसएसडीही (फायली साठवायची जागा) बदलता येत नाही, हे मला जरा खटकतंच.

पोर्ट कमी आहेत, पण हब (एका पोर्टाचे अनेक करणारा जोड) घेईन. की त्याच पैशात पंखा असलेला, थोडा जाड लॅपटॉप घेणं शहाणपणाचं?