कार्बन सीमा कर : आयातदाराला पुरवायची माहिती

युरोपीय संघात आयात होणाऱ्या पोलादासारख्या मालावर, तो बनवताना बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या (उत्सर्जनाच्या) प्रमाणात कार्बन सीमा कर लागतो. ‘कर युरोपातल्या आयातदाराने भरायचा आहे, तर भोसरीतल्या बोल्ट बनवणाऱ्याने कागद का रंगवावेत?’ हा प्रश्न रास्त आहे. मात्र हा कर भरण्यासाठीची प्रमाणपत्रे आयातदार विकत घेणार असला, तरी किती घ्यायची हे ठरवणारा उत्सर्जनाचा आकडा आपल्याच कारखान्यातून जातो. तो न मिळाल्यास त्याला युरोपीय आयोगाची ठोकळ मूल्ये वापरावी लागतात, आणि ती मुद्दाम चढी ठेवलेली असल्याने पुढच्या ऑर्डरच्या वेळी तो फरक आपल्या दरातूनच मागितला जातो.

खरी अडचण कच्च्या मालाची आहे. बोल्टच्या उत्सर्जनाचा मोठा वाटा वायर रॉडच्या (ज्या जाड तारेपासून बोल्ट बनतो तिच्या) पोलादातून येतो. झोतभट्टीतल्या एक टन पोलादामागे 2 टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर भंगार वितळवून केलेल्या पोलादाचा आकडा बराच कमी असतो. रॉडच्या बंडलासोबत येणाऱ्या टेस्ट सर्टिफिकेटवर हीट नंबर (भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाचा क्रमांक), कार्बन, मँगनीज सगळे असते, फक्त उत्सर्जन नसते. म्हणून ते खरेदीच्या ऑर्डरमध्येच लेखी मागावे आणि हीट नंबरनुसार जपावे. वर्ष संपल्यावर व्यापाऱ्याकडून ते मिळवणे फार जड जाते.

2026 पासून प्रत्यक्ष आकडे मान्यताप्राप्त पडताळणीकाराकडून तपासून घ्यावे लागतात. वर्षाला 50 टनांपर्यंत या कराखाली येणारा माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे, पण ही मर्यादा त्याच्या एकूण आयातीची आहे, फक्त तुमच्या मालाची नव्हे, हे त्याला आधी विचारून घ्या.