निषेध आधी की चौकशी आधी?

थर्डमॅन: काल इथे एकाने लिहिलं, "वर्णद्वेषाची बातमी आल्यावर तासाभरात जो मोठा माणूस बोलत नाही, तो त्यात सामील." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. जानेवारी २०२१, सिडनी. भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी. भारताचा गोलंदाज सिराजने सीमारेषेवरून येऊन प्रेक्षक शिवीगाळ करताहेत अशी तक्रार केली, खेळ थांबला, सहा जणांना स्टँडमधून उठवून नेलं. त्याच दिवशी आजी-माजी खेळाडू तुटून पडले. पुढे क्रिकेट ऑस्ट्रेलियाची चौकशी झाली. शिवीगाळ झाली होती, वर्णद्वेषीच होती. पण ती करणारे हे सहा जण नव्हते. पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे. दुसरा किती जणांना आठवतो?

अबोली: कोहलीने वर्तनाचा निषेध केला, दोषींवर कारवाई मागितली. त्यात त्या सहा जणांचं नाव कुठे होतं? सिराजचे वडील जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, त्याला काय अहवालाची वाट बघ म्हणायचं? मेलबर्नला कामावर पाळ्यांच्या फळ्यावर माझ्या नावापुढे रोज कुणीतरी खडूने माकड काढायचं. मी फोटोसकट तक्रार दिली. "चौकशी होऊ दे" म्हणाले. चार महिन्यांनी फळा बदलला आणि फाईल बंद. "आधी तथ्य कळू दे" हे मी तेव्हापासून ऐकतेय.

मृगजळ: घाईचा फटका कुणाला बसतो तेही बघा. जून २०२० मध्ये अमेरिकेत टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बब्बा वॉलेस या कृष्णवर्णीय ड्रायव्हरच्या गॅरेजमध्ये फास (तिकडे कृष्णवर्णीयांना फासावर लटकवण्याच्या धमकीची खूण) सापडल्याचं नासकार या कार शर्यतींच्या संस्थेने जाहीर केलं आणि देशभर निषेध झाला. दोन दिवसांत एफबीआयने सांगितलं, ती दार ओढायची दोरी, ऑक्टोबर २०१९ पासून तिथेच होती. दोरी पाहिली दुसऱ्याने, जाहीर केलं नासकारने. तरी पुढे ट्रम्पनी विचारलं, वॉलेसने माफी मागितली का!

फॉलोऑन: सिडनी म्हटलं की मला २००८च आठवतं. ऑस्ट्रेलियाचा कृष्णवर्णीय खेळाडू सायमंड्सला "माकड" म्हटल्याच्या आरोपावरून सामनाधिकारी प्रॉक्टरने हरभजनवर तीन कसोट्यांची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती हॅन्सन यांच्यापुढे वर्णद्वेषाचा आरोप टिकलाच नाही, फक्त निम्मं मानधन दंड. आणि तो पंच बकनर! सायमंड्स ३० वर असताना कड लागल्याचा आवाज घरी टीव्हीवर आम्हाला ऐकू आला, त्याला नाही. पुढे १६२ नाबाद. द्रविडला मात्र पॅडला लागलेल्या चेंडूवर झेलबाद!

लेगबाय: शेवटी क्लार्कने एका षटकात तीन बळी घेतले, ते बकनरने दिले का? अजून किती वर्षं रडायचं?

फॉलोऑन: सामना वाचत आला होता म्हणूनच जळतं! तुम्ही पाहिला तरी होता का तो सामना?

थर्डमॅन: बकनरसाठी वेगळा धागा काढा. मूळ मुद्दा हा की "हरभजन तसं बोललाच नाही" हे आपल्या प्रत्येकाला सुनावणीआधीच ठाऊक होतं. मीही तावातावाने भांडलो. त्याआधी तीनच महिने, ऑक्टोबर २००७ मध्ये, सायमंड्सकडे बघून माकडचाळे केल्याबद्दल वानखेडेवर प्रेक्षकांना पोलिसांनी बाहेर काढलं होतं. मी तिथे होतो. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस काखा खाजवून आवाज काढत होता, शेजारी त्याचा लहान मुलगा हसत होता. मी काही बोललो नाही.

अबोली: म्हणजे डोळ्यांदेखत घडलं तेव्हा तुम्ही गप्प, आणि थांबायला आम्हाला सांगताय?

थर्डमॅन: हो. तिथे बोलायला हवं होतं, त्याला काही सबब नाही. तुमच्या त्या फळ्याबाबतही पहिल्याच दिवशी कुणीतरी बोलायला हवं होतं. पण ज्याचा चेहरा टीव्हीवर दिसला त्याला दोषी ठरवणं वेगळं. ते सहा जण पोलिसांबरोबर जाताना जगाने पाहिले.

अबोली: निषेध लगेच व्हायलाच हवा, यावर मी ठाम आहे. तेवढं त्या सहा जणांचं मान्य. तेव्हाची माझी पोस्ट आत्ता शोधली. फोटो लावून "यांना जन्मभर मैदानात पाऊल ठेवू देऊ नका" असं लिहिलं होतं मी. पुसून टाकते.

थर्डमॅन: पुसू नका. फोटो काढा, आणि खाली लिहा की हे ते नव्हते.