पावसाळ्यात अंगणातील कुत्र्याचे घर कोरडे कसे ठेवावे?

प्रश्न (मखमलाबाद, नाशिक): आमचा कुत्रा अंगणातील लाकडी घरात झोपतो, मात्र झड लागली की आतले गोणपाट भिजून कुबट वास येतो आणि त्याच्या पोटाची कातडी लालसर होते. काय करावे?

उत्तर: मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येत असल्याने दार पूर्वेकडे वळवावे आणि घर विटांवर ४ ते ६ इंच उचलावे, म्हणजे तळाखालून वारा खेळेल.

उत्तर: गोणपाट पाणी धरून ठेवते, त्याऐवजी इगतपुरीकडचा कोरडा भाताचा पेंढा अंथरून ओलसर लागताच बदलावा.

उत्तर: पेंढ्याशी सहमत आहे. फरशी फिनाईलने मात्र धुऊ नये, कारण कुत्रा पंजे चाटतो. साबणाचे पाणी पुरते. कातडी पशुवैद्यांना दाखवावी आणि त्याच फेरीत लेप्टोस्पायरोसिसच्या (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून पसरणाऱ्या आजाराच्या) वार्षिक लसीचेही विचारावे.