उताराबद्दल कुणीच बोललं नाही
डोंगरातल्या पळण्याबद्दल 'चढावर शेवटी चालावंच लागतं, मग त्याला पळणं कशाला म्हणायचं' असं म्हटलं जातं. हा मुद्दा अर्धाच पटला. आल्प्समधल्या मों ब्लां पर्वताला वळसा घालणारी जी साधारण १७० किलोमीटरची शर्यत २००३ पासून होते, तिच्यात एकूण चढ सुमारे १० हजार मीटर भरतो. पहिले येणारेसुद्धा उभ्या चढावर गुडघ्यांवर हात टेकून किंवा काठ्या रोवत चालतातच. तिथे पळून दम घालवण्यापेक्षा झपाझप चालणं स्वस्त पडतं.

पण खरी गंमत (आणि शिक्षा) उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकही लावत असतात. धाप फारशी लागत नाही, म्हणून माणूस फसतो. पहिल्यांदा डोंगरउतार पळत उतरलो, त्यानंतर दोन दिवस मी जिना पाठमोरा उतरत होतो, कठडा घट्ट धरून! तरी पुन्हा गेलो, कारण उतरतानाच्या त्या वीस मिनिटांत पुढचा दगड पक्का आहे की सुटा, याखेरीज डोक्यात काहीच नव्हतं. घड्याळ बघायचंही सुचलं नाही. दोन आठवड्यांनी तोच उतार, तोच वेग, आणि दुखणं निम्म्याहून कमी. स्नायू एका फटक्यातच सावध होतात म्हणे. कठड्याला हातही लागला नाही.