पहिलं बाळ, वन बीएचके आणि 43 वस्तूंची यादी: यातलं काय काय खोडू?

पावसाळी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. आठवा लागलाय. डॉक्टरांनी तारीख दिलीय 9 जुलै, म्हणजे ऐन पावसात. घर डोंबिवली पूर्वेला, वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि त्यांचं शिवणयंत्र. ते यंत्र हॉलमधल्या खिडकीखालून हलवता येत नाही. का, ते विचारू नका.

एका मैत्रिणीने प्रेमाने यादी पाठवली. मोजल्या तर 43 वस्तू. नवरा एकेकीची किंमत बघून बेरीज करत होता. साठ हजारांच्या पुढे गेल्यावर त्याने फोन उलटा ठेवला आणि चहा टाकायला उठला. आमचं बजेट पंधरा हजार, त्यातही थोडे हाताशी राहिले तर बरं.

सासूबाईंचं म्हणणं, बाळ घरात येईपर्यंत काही म्हणजे काही आणायचं नसतं. सुरुवातीला मला राग यायचा. पण मग कळलं की त्यांचीही एक यादी आहे, फक्त तोंडी: मोहरीची उशी, काजळाची डबी, ग्राइप वॉटर, बाळगुटीची पुरचुंडी, सहाण, धुरीसाठी ओवा आणि वावडिंग. म्हणजे मी दोन्हीकडून याद्यांत सापडले आहे.

मी ज्यांच्यावर अडकलेय त्या वस्तू: बाटली गरम करायचं यंत्र, स्टरिलायझर, बाथटब, स्ट्रोलर, डायपर बदलायचं टेबल (ठेवू कुठे, शिवणयंत्रावर?), आपोआप हलणारा पाळणा, वॉकर आणि बेबी मॉनिटर. आमच्याकडे मोरीत चमचा पडला तरी बेडरूममध्ये कळतं, तेव्हा मॉनिटर मी स्वतःच खोडलाय. बाकीच्यांचं सांगा. "प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो" असं कृपया लिहू नका, ते मला माहीत आहे. तुमचा काय होता ते सांगा.

---

दोघांची_आई_ठाणे

माझी दोन मुलं, मध्ये सहा वर्षांचं अंतर. पहिल्याच्या वेळी सगळं घेतलं, दुसरीच्या वेळी जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे हिशेब पक्का आहे.

बाटली गरम करायचं यंत्र मोजून चार वेळा वापरलं. वाटीत गरम पाणी घेऊन त्यात बाटली ठेवली की तेच होतं. स्टरिलायझर म्हणजे झाकणाचं पातेलं. आमच्या घरी एक वेगळं ठेवलं होतं, त्यात दुसरं काही शिजवायचं नाही एवढाच नियम. टेबलाचा प्रश्नच नाही, पलंगावर मेणकापड आणि वर दुपटं. बाळ पहिल्यांदा पालथं पडतं ते नेमकं अशा उंच टेबलावरच, ते वेगळंच.

बुटांचे सात जोड आले होते. चालायला लागेपर्यंत सातही लहान झाले.

बाथटबचं उत्तर एका प्रश्नात आहे: अंघोळ कोण घालणार? पाटावर बसून, पाय लांब करून, पायांवर बाळ घेणारं कोणी घरात असेल तर टब नको. माझ्या आईने पहिल्याला सहा महिने पायांवरच न्हाऊ घातलं, टबात आम्ही धुतलेले कपडे ठेवायचो. पण दुसरीच्या वेळी माझं सिझर झालं आणि आईचे गुडघे गेलेले. तेव्हा तोच टब माळ्यावरून काढला आणि नवऱ्याने ओट्यावर ठेवून अंघोळी घातल्या. तेव्हा आधी सासूबाईंचे गुडघे विचार.

आता खरी गोष्ट, जी तुझ्या 43 मध्ये बहुतेक नसेल. जुलैतलं बाळ म्हणजे लंगोट वाळवणं. पहिले काही आठवडे दिवसाला दहा-बारा लंगोट सहज ओले होतात, शिवाय दुपटी. पावसात सुती कापडाला दोन-दोन दिवस दमट वास येतो. मी दुसरीसाठी तीस लंगोट आणि दहा दुपटी ठेवली होती, तरी एका आठवड्यात कमी पडली. छताला दोरीने वर-खाली होणारं कपडे वाळवायचं स्टँड बसवून घे, रात्री त्याखाली टेबलफॅन, सकाळी गरम इस्त्री. झबली बांधायच्या नाडीची, पुढून उघडणारी. डोक्यातून घालायची नकोत, मान धरत नाही तोवर आपल्यालाच घाम फुटतो. डायपर रात्रीला आणि दवाखान्यात जाताना. नवजात साइजचं एकच लहान पाकीट घे. माझा मुलगा साडेतीन किलोचा होता, दोन मोठी पाकिटं न फोडता शेजारी दिली.

आणि हे लंगोट विकत कशाला घेतेस? घरात शिवणयंत्र आहे ना!

---

कांदेबटाटे_बाबा

मी डोंबिवली पश्चिम. तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे लिहिलंत तिथेच स्ट्रोलर खोडला गेला.

आमचा नऊ हजारांचा होता. खाली न्यायचा म्हणजे आधी मी स्ट्रोलर घेऊन उतरणार, मग बायको बाळ घेऊन. खाली आल्यावर फूटपाथ शोधायचा. सापडला तर त्यावर दुचाकी लावलेली. दोन चाकं रस्त्यावर, दोन गटाराच्या फरशीवर, असं करत आम्ही एकदा बागेपर्यंत गेलो. येताना बाळ माझ्या खांद्यावर आणि स्ट्रोलरमध्ये भाजी. ती सोय एवढी पटली की आजही मंगळवारच्या बाजाराला तोच नेतो.

पोटावर बांधायची कापडी झोळी मात्र घ्या, पण आत्ता नको. बाळाला आवडते का ते कळेपर्यंत कोणाची तरी मागून आणा. आमच्या मोठीला आवडली, धाकटा त्यात घातला की ताठ व्हायचा. आणि गाडी असेल तर कार सीट "अनावश्यक" मध्ये टाकू नका. मांडीवर घेतलेलं बाळ जोरात ब्रेक लागला तर कोणालाच धरता येत नाही.

---

निवृत्त_सिस्टर_सातारा

पोरी, मी 31 वर्षं प्रसूती आणि बाळांच्या वॉर्डात काढली. मैत्रिणीच्या यादीवर सगळे बोलतीलच, मी सासूबाईंच्या यादीवर बोलते. त्यांना दाखवलंस तरी चालेल, मी त्यांच्याच वयाची असेन.

मोहरीची उशी डोकं गोल व्हावं म्हणून करतात. वर्षाच्या आतल्या बाळाला कसलीच उशी नको. पाठीवर, सपाट आणि जरा कडक गादीवर झोपवायचं, भोवती मऊ काही नाही. डोक्याचा चपटेपणा टाळायचा तर बाळ जागं असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा थोडा वेळ पोटावर ठेवायचं. उशीची शिवण उसवून मोहरी बाळाच्या नाकात गेलेली मी स्वतः काढलेली आहे.

काजळ डोळ्यांत घालायचं नाही. त्यात शिसं सापडतं, बोटातून जंतू जातात तो भाग वेगळा. दृष्टीची काळजी असेल तर तीट तळपायाला लावा. पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळ पायाचा अंगठा तोंडात घालायला लागतं, तोवर हौस फिटलेली असते.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नको, मग ग्राइप वॉटर, मध, गुटी हे ओघानेच आलं. मध तर वर्षभर नाहीच, त्यातून लहान बाळाला विषबाधा होऊ शकते. गुटीच्या वेखंड-जायफळापेक्षा मला त्या सहाणेची भीती वाटायची. ती नीट धुतलेली क्वचितच असते, आणि मग जुलाब झाले की पोर आमच्याकडे. बंद खोलीत, पावसाळ्यात, धुरी म्हणजे कोवळ्या छातीत धूर. पावडरही नको, तीही श्वासातच जाते.

वॉकर दोन्ही याद्यांतून काढ. त्याने बाळ लवकर चालत नाही, उलट पडतं, पायऱ्यांवरून जातं, ओट्यावरच्या गरम भांड्यापर्यंत पोचतं. कॅनडात तर 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

बाटलीचं सांगते. आपल्याकडे दूधबाटल्या आणि पावडरच्या दुधाची जाहिरात करायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे. दुकानदार तरी हळूच एक पुढे सरकवतो. आत्ता घेऊन ठेवू नकोस. घरात बाटली दिसली की तिसऱ्या रात्री बाळ रडताना सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच जातं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा वेळा किंवा जास्त शू करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. काढलेलं दूध द्यायची वेळ आलीच तर वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं (चोचीची छोटी वाटी), दोन्ही धुवायला सोपं. पंप कामावर परत जाताना बघ.

घ्यायचं ते थोडंच. डिजिटल थर्मामीटर, आणि पहिल्या तीन महिन्यांत 100.4 फॅरनहाइट किंवा वर ताप दिसला की घरी औषध न देता थेट डॉक्टर. नखं कापायचं छोटं यंत्र. डॉक्टर सांगतील ते ड जीवनसत्त्वाचे थेंब, साधारण रोज 400 युनिट. आणि छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी. डोंबिवलीत जुलैमध्ये ती यादीत पहिली पाहिजे.

---

तांपेरेची_सून

मी फिनलंडमध्ये. इथे सरकार प्रत्येक होणाऱ्या आईला बाळाच्या सामानाची पेटी देतं. 1938 मध्ये गरीब आयांसाठी सुरू झालं, 1949 पासून सगळ्यांना. मुख्य अट: चौथा महिना संपायच्या आत तपासणीला जायचं. पेटी नको असेल तर त्याऐवजी पैसे घेता येतात, पण पहिलटकरणी बहुतेक पेटीच घेतात. आत कपडे, झोपायची पिशवी, बर्फातला डगला, नखांची कात्री वगैरे. तळाशी छोटी गादी असते, म्हणजे सामान काढलं की खोका हाच बिछाना. माझी मुलगी दोन महिने खोक्यात झोपली. व्हिडिओ कॉलवर आजेसासूबाई म्हणाल्या, "पुठ्ठ्यात? आपल्याकडे काही कमी आहे का गं?"

वर ते कांदेबटाटे दादा म्हणतायत ते स्ट्रोलरचं मात्र इथे उलट. इथे बाळांना दुपारी बाबागाडीत गुंडाळून बाहेर थंडीत झोपवतात. आई बारशाला आली होती, उणे सात तापमान, आणि नात बाल्कनीत. ती काचेला नाक लावून उभी होती, दर दोन मिनिटांनी "आत घे" म्हणत.

---

पावसाळी_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. काल रात्री यादी घेऊन बसलो, 43 वरून 11 वर आलो. स्टँड बसवायला माणूस रविवारी येतोय. मच्छरदाणी आली (सासूबाईंना सांगितलंय की ती माझ्यासाठी आहे).

सिस्टर, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. नाकातल्या मोहरीच्या गोष्टीवर त्या गप्प झाल्या. काजळावर तीट-तळपायाची तडजोड झाली. ग्राइप वॉटरवर "मी याला दोन वर्षं पाजलं, काय झालं याला?" असं म्हणून त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. मी पण बघितलं. तो विषय तूर्त तिथेच आहे.

एकच अडचण उरली. मामेसासरे फोनवर म्हणाले, बारशाला वॉकर आणतो, संगीतवाला. नाही कसं म्हणायचं?

---

दोघांची_आई_ठाणे

नाही म्हणायचंच नाही. "मामा, वॉकर नको, त्यापेक्षा दोन महिने स्वयंपाकाला बाई लावून द्या" असं म्हण. आमच्या काकांनी खरंच लावून दिली होती. रोज संध्याकाळी गरम भाकरी ताटात पडायची. त्या वर्षी आलेल्या अठ्ठावीस भेटवस्तूंपैकी नाव घेऊन आठवते ती तेवढी एकच. तुझ्या 43 मध्ये आईसाठी किती वस्तू होत्या, मोजल्यास का?

---

पावसाळी_डोंबिवली

मोजल्या. एक. स्ट्रेच मार्क्सचं क्रीम.

मामांशी नवरा बोलला, ते जरा दुखावले, मग मामींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, बाई मी बघते.

आणि लंगोटांचं. काल दुपारी झोपून उठले तर शिवणयंत्राचा आवाज. सासूबाईंनी ट्रंकेतल्या तीन जुन्या सुती साड्या काढल्या होत्या, धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या. मी म्हटलं, आई, आधी काही करायचं नसतं ना? त्या म्हणाल्या, आणायचं नसतं, हे घरातलंच आहे. छत्तीस लंगोट कापून झालेत, नाड्या टाचून ठेवल्यात. प्रत्येकाची शेवटची एक शिवण मात्र मुद्दाम सोडलीय. ती म्हणे मी दवाखान्यात असताना घालणार.